सरांची गुलाबी गोळी

...नाही, पण मला एक सांगा, माणसाने एखाद्यावर विश्वास ठेवावा तो किती? काही धरबंध? मी औषध कंपनीचा माणूस आहे हो! बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराबाहेर उभा राहणारा. माझ्या बोलण्यावर डॉक्टर विश्वास ठेवत नाहीत, केमिस्ट ठेवत नाही, आमचे साहेब तर मी 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी आधी खिडकीबाहेर बघून खात्री करून घेतात. बायकोचं तर सोडाच. मी भाजी ताजी आहे म्हटलं की ती पिशवीत नाक घालते. अशा या एवढ्या मोठ्या जगात माझा शब्द न् शब्द खरा मानणारा, अगदी डोळे मिटून माझ्यावर भरवसा टाकणारा एकच माणूस निघाला. आणि तो निघाला कोण? माझा सासरा! आता बोला!

तुम्हाला सांगतो, आमचे सासरे म्हणजे सर. अख्खी गल्ली त्यांना सर म्हणते म्हणून मीही सरच म्हणतो. रिटायर्ड मास्तर. वर्गात काय शिकवायचे कोण जाणे, पण खरा जीव भाषणात! शाळेतलं पोरगं वक्तृत्व स्पर्धेला निघालं की ते आधी सरांच्या ताब्यात. श्वास कुठे घ्यायचा, हात कुठे न्यायचा, कुठल्या शब्दावर थांबायचं... पोरगं स्टेजवर अडखळलं की खाली पहिल्या रांगेत सरांचे ओठ हलायचे. सवयच ती. अजून टीव्हीवर बातम्या देणारी एखादी बाई अडखळली की हे सोफ्यावरून तिला पुढचा शब्द देतात! आणि सासूबाई गेल्यापासून सर आमच्याकडेच राहतात. माझी तक्रार नाही हां. मुळीच नाही. आणि असली तरी मी काय बोलणार? जावई पडलो ना!

तर माझं नवीन नवीन लग्न झालं होतं, आणि तेव्हाच आमच्या कंपनीने ती गुलाबी गोळी बाजारात आणली. ब्लडप्रेशरची. दिसायला अशी देखणी की निरोगी माणसालाही वाटावं, एक घेऊन बघावी. आता आमच्या धंद्यात काय असतं, डॉक्टर आम्हाला भेटणार दोन मिनिटं. तीसुद्धा त्यांचा फोन वाजला नाही तर. तेवढ्यात काय ते बोलायचं. म्हणून कंपनी भाषण लिहून देते आणि आम्ही ते पाठ करतो. मी आपला हॉलमध्ये येरझाऱ्या घालत पुटपुटत होतो, तर सरांनी पेपर खाली घेतला.

"जावईबापू, काय म्हणताय?"

म्हटलं, "सर, गोळीचं भाषण पाठ करतोय."

"म्हणून दाखवा."

मी म्हणून दाखवलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "याला भाषण म्हणतात? हे तर हरवलेल्या मुलाची घोषणा केल्यासारखं झालं. 'डॉक्टर' म्हणायचं आणि थांबायचं. समोरचा मान वर करेपर्यंत पुढे जायचंच नाही. आणि हा शेवट काय आहे? शेवट असा मुळमुळीत?"

अहो, कंपनीच्या मोठमोठ्या लोकांनी लिहिलेलं भाषण ते! पण सरांनी ते असं उलटंपालटं केलं, असं घासूनपुसून काढलं, की कंपनीच्या लोकांनी ओळखलं नसतं. शेवटची ओळ तर त्यांनी स्वतः घातली. "डॉक्टर... दाब उतरवणाऱ्या गोळ्या पुष्कळ आहेत. दाब ओळखून वागणारी एकच. हिची नक्कल होईल, हिची बरोबरी होणार नाही!" आणि 'नक्कल'नंतर एवढुसा श्वास. एवढुसाच. जास्त घेतला की सर टाळी वाजवून थांबवायचे.

चाललं हो भाषण! तुफान चाललं! बाहेर रांगेत उभे असलेले दुसऱ्या कंपन्यांचे लोक माझं भाषण दाराला कान लावून ऐकायचे. एक डॉक्टर तर म्हणाले, "गोळी राहू दे, शेवटची ओळ परत म्हण." मग काही वर्षांनी सरांचंच प्रेशर वाढलं, आणि डॉक्टरांनी लिहून दिली तीच गुलाबी गोळी. काय कौतुक सांगू तुम्हाला त्या गोळीचं! सकाळी नाश्ता झाला की सर ती तळहातावर घेणार, उजेडात धरणार, मला म्हणणार, "जावईबापू, बरोबरी होणार नाही!" आणि घोटभर पाण्याबरोबर खाली. रोज! मी ऑफिसला निघालेला, एक बूट पायात, एक हातात, तरी मान डोलवायची. न डोलवून सांगतो कुणाला? जावई पडलो ना!

इथपर्यंत ठीक होतं. आणि मग पेटंट संपलं.

आता पेटंट म्हणजे काय, तर ज्याने औषध शोधून काढलं त्याला सरकार सांगतं, की बाबा रे, तू खपलास, तू खर्च केलास, आता इतकी वर्षं ही गोळी तुझ्याशिवाय कुणी बनवायची नाही. तू म्हणशील तो भाव. पण ती मुदत संपली ना, की मग दार उघडं! तेच औषध कुणीही बनवावं, आपापलं नाव द्यावं, आणि विकावं. त्याला म्हणायचं जेनेरिक. आणि एकदा दहाजण तीच गोळी विकायला लागले की भाव असा कोसळतो, की पेशंटला वाटतं केमिस्टचा हिशेब चुकला. चांगलंच आहे! लोकांचं भलंच आहे! मी कुठे नाही म्हणतोय? पण माझं काय?

आमच्या साहेबांनी मीटिंग घेतली. सगळ्यांचे चेहरे मयताला आल्यासारखे. साहेब म्हणाले, "लोकहो, गुलाबी बंद. उद्यापासून आपणही तीच गोळी स्वस्तात आणतोय. रंगावर खर्च नाही, खोक्यावर खर्च नाही. पांढरी, गोल, नाव नवीन. आत औषध तेच, कारखाना तोच, मशीन तेच."

मी हात वर केला. "साहेब, पण आजवर आपण सांगत आलो, हिच्यासारखी दुसरी होणे नाही."

"बरोबर. आता सांगायचं, झाली."

"साहेब, डॉक्टर हसतील हो."

"हसू देत ना! हसणारा माणूस लिहून देतो. चिडलेला देत नाही."

हसले की! असे हसले! आमचे ते हार्टचे डॉक्टर, त्यांनी कंपाउंडरला आत बोलावलं, नर्सला बोलावलं, मला म्हणाले, "आधी जुनं भाषण म्हण, मग लगेच नवीन म्हण. मध्ये थांबू नकोस." म्हटलं हो! 'हिची बरोबरी होणार नाही' म्हटलं आणि त्याच श्वासात 'डॉक्टर, ही अगदी तिच्या बरोबरीची आहे' म्हटलं. नर्स खुर्चीला धरून हसत होती. पण लिहून दिली हं गोळी. साहेबांचं खरं निघालं. बाहेरच्या जगात माझी लाज गेली असेल, पण गोळी चालली.

आणि घरी?

घरी सरांची शेवटची गुलाबी गोळी संपली. मी आपला मोठ्या उत्साहाने पांढरीचं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "सर, ही घ्या. तीच आहे. नाव बदललंय, रंग बदललाय, बाकी तीच."

सरांनी पाकिटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. वर्गात कॉपी सापडल्यावर बघायचे ना, तसं.

"जावईबापू, हिची नक्कल होईल... पुढे काय?"

"...बरोबरी होणार नाही."

"हे वाक्य घातलं कुणी?"

"तुम्ही, सर."

"आणि इतकी वर्षं दारोदार म्हटलं कुणी?"

"मी, सर."

"मग आज खोटं कोण बोलतंय? मी, का तुम्ही?"

आता सांगा, या प्रश्नाला उत्तर आहे का? 'मी' म्हटलं तर मी मेलो, 'तुम्ही' म्हटलं तर डबल मेलो! सर म्हणाले, "मी हयातीत एकाही पोराला खोटं भाषण शिकवलेलं नाही. मला पटलेली नसेल ती ओळ मी शिकवतच नाही. तुम्हाला ती ओळ मी शिकवली, त्या अर्थी ती खरी आहे. आणि ती खरी आहे, त्या अर्थी ही तुमची पांढरी..." आणि पाकीट एका बोटाने, एकाच बोटाने हो, माझ्याकडे सरकवलं. उष्टी बशी सरकवतात तसं. म्हणाले, "भलती घेण्यापेक्षा न घेतलेली बरी." मी काय बोलणार? जावई पडलो ना!

मला वाटलं, दोन दिवस रुसतील आणि घेतील. कसलं काय! बायको समजावून थकली. एकदा तर मला बाजूला घेऊन म्हणते, "अहो, त्या पांढरीला गुलाबी रंग नाही का लावता येणार?" म्हटलं, अगं बाई, औषध आहे ते, कपाट नाही! मग आमच्या कोपऱ्यावरच्या केमिस्टला घरी आणलं. सरांचा जुना विद्यार्थी तो. म्हटलं हा तरी पटवेल. तो बिचारा आत आला, नमस्कार केला, म्हणाला, "सर, औषध तेच असतं, खरंच, मी माझ्या आईलापण हीच देतो..." सर म्हणाले, "'पण' वेगळं म्हण. 'आईलापण' असं एकात एक घुसवू नकोस. परत म्हण." त्याने परत म्हटलं. परत म्हटलं. अर्धा तास त्याचा 'पण' चालू होता आणि गोळी आपली टेबलावर तशीच! जाताना मला म्हणाला, "दादा, उद्यापासून औषध घरपोच पाठवतो, मला बोलावू नका."

पण चेष्टा एका बाजूला. एके सकाळी सर खुर्चीतून उठले आणि त्यांनी पटकन भिंत धरली. नुसती धरली हो, क्षणभर. मग 'काही नाही, काही नाही' म्हणून चालायला लागले. पण बायकोने पाहिलं. मी पाहिलं. ती आत गेली आणि ओट्याशी पाठ करून उभी राहिली. मी मागे गेलो तर म्हणाली, "आई अशीच गेली माझी. 'काही नाही, काही नाही' करत." मग ती वळली, आणि डोळे पुसून असं धारेवर धरलं मला! "तुमच्याच तोंडाने चढवलीत ना ती गुलाबी त्यांच्या डोक्यात? आता तुमच्याच तोंडाने उतरवा. सगळ्या जगाला औषधं विकता आणि घरातल्या एका माणसाला एक गोळी देता येत नाही?"

लागलं मला ते. खरं सांगतो, लागलं. आणि घाबरलोही होतो मी. अहो, सकाळी त्यांचं ते खाकरणं ऐकल्याशिवाय मला जाग येत नाही. संध्याकाळी मी आलो की ते विचारतात, "आज कुणी मान वर केली का?" असं दुसरं कोण विचारतं मला?

म्हणून मी काय केलं, ऐका. रीतसर कॉलवर गेलो! डॉक्टरांकडे जातो तसा! इस्त्रीचा शर्ट, टाय, बॅग, बॅगेत कंपनीचं नवीन पेन भेट द्यायला. सरांच्या खोलीच्या दारावर टकटक केलं. म्हटलं, "आत येऊ का, सर? दोनच मिनिटं."

आतून आवाज आला, "कोण?"

"मी... औषध कंपनीचा प्रतिनिधी."

आत रेडिओ बारीक झाला. मग आवाज, "पेशंट असताना प्रतिनिधींना भेटत नाही. बाहेर बसा."

पेशंट! खोलीत सर आणि सरांचा रेडिओ! पण बसलो हो मी बाहेर. माझ्याच घरात, माझ्याच हॉलमध्ये, बॅग मांडीवर घेऊन! बायको चहा घेऊन आत गेली, बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर... नाही, ओढणी लावून स्वयंपाकघरात पळाली. शेजारचे काका काहीतरी मागायला आले, मला असं बघून 'नंतर येतो' म्हणून परत गेले. बऱ्याच वेळाने आतून, "या."

गेलो. आणि तुम्हाला सांगतो, जन्मात असं बोललो नव्हतो. "डॉक्टर..." थांबलो. सरांनी मान वर केली. "रंग गेला, गुण राहिला. नाव नवं, औषध तेच. रोज घेणाऱ्याला रोज परवडलं पाहिजे, कारण अर्ध्यात सोडलेली उत्तम गोळी ही गोळीच नव्हे." पाठ केलेलं नाही हो, आतून येत होतं! 'उत्तम'वर जोर, 'नव्हे'वर आवाज खाली. संपलं आणि मी उभा, घामाघूम.

मी पुढे केलेलं पेन सरांनी उघडून बघितलं. मग म्हणाले, "उच्चार उत्तम. विराम नेमके. शेवटही चांगला."

"मग सर... घेता?"

"पटलं नाही. पुढच्या आठवड्यात या." आणि पेन ठेवून घेतलं!

मी काय बोलणार? जावई पडलो ना!

शेवटी बायकोने त्यांना डॉक्टरांकडेच नेलं. आमचे घरचे डॉक्टर, गल्लीच्या टोकाला. मी कामावरून परस्पर तिकडे पोचलो, बॅगेसकट, खिशात पांढरीचं पाकीट. म्हटलं, डॉक्टर दम देतील, तेवढ्यात मी पाकीट पुढे करीन. बाहेर बाकावर आम्ही तिघं. समोर दोन-चार पेशंट, आणि कोपऱ्यात एक मुलगी. नवीन बॅग, नवीन बूट, हातात कागद, डोळे मिटलेले आणि ओठ हलतायत. मी एका नजरेत ओळखलं. आमच्याच धंद्यातली! दुसऱ्या कंपनीची, आणि बॅगेवरचं चित्र बघितलं तर तीच गोळी! आमचंच औषध, त्यांचं नाव. पहिलाच आठवडा असणार. मला कीव आली, पण मनात म्हटलं, धंदा म्हणजे धंदा.

आणि ती मोठ्याने म्हणायला लागली. "डॉक्टर, रंग... रंग गेला तरी... रंग... गुण..." बंद. परत. "डॉक्टर, रंग..." परत बंद. सरांपुढे केलेलं ते भाषण मी नंतर डॉक्टरांकडेही म्हणायला लागलो होतो, पण ते तिच्याकडे कसं गेलं ते मला विचारू नका. सांगितलं ना, दाराला कान लावतात! कागद बघितला, कागद हातातून पडला, उचलायला वाकली तर बॅग पडली, नमुन्याची पाकिटं बाकाखाली. रडवेली झाली पोर.

आणि माझ्या शेजारी सरांचे ओठ हलायला लागले.

"गुण राहिला," सर हळूच म्हणाले.

तिने वर पाहिलं.

"रंग गेला, गुण राहिला. म्हण. आधी 'डॉक्टर' म्हणून थांब. घाई कसली? तुला कुणी खात नाही."

"डॉक्टर..." ती म्हणाली आणि थांबली.

"शाब्बास. पुढे. नाव नवं, औषध तेच."

"पण काका... आजोबा... मला ना, इथेच अडकायला होतं. मला कुणी विचारलं की तेच कशावरून, तर मी काय सांगू? मलाच कळलेलं नाही."

"अगं, कळलं नाही तर पाठ कसं होईल?" सर बाकावर तिच्याकडे वळून बसले. शाळा भरली की हो! "बस इकडे. हे बघ. गोळीत औषध असतं, आणि वर रंग असतो. दाब कोण उतरवतं? रंग का औषध?"

"औषध."

"मग रंग गेला तर काय गेलं?"

"...रंगच गेला."

"गुण?"

"राहिला!"

"अडकलीस का आता?"

"नाही!" पोर हसली.

"मग आता मला सांग, ज्याने आधी शोधलं त्याची मुदत संपली, म्हणून बाकीच्यांनी तेच बनवलं. यात खोटं काय आहे?"

"काहीच नाही."

"काहीच ना..." सर म्हणाले आणि मध्येच थांबले. विराम नव्हता तो. खरोखरच थांबले. माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग खाली पडलेल्या पाकिटांकडे. बायकोने माझा हात असा दाबला की घड्याळ रुतलं. सर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी शिकवली, त्या अर्थी..."

आत गेलो. डॉक्टरांनी प्रेशर मोजलं, कपाळाला हात लावला, म्हणाले, "सर, आज गोळी सुरू झाली नाही तर मी तुम्हाला सरळ हॉस्पिटलमध्ये भरती करणार."

सर म्हणाले, "डॉक्टर..." आणि थांबले. डॉक्टरांनी मान वर केली. "मी गोळी घेतो. पांढरी घेतो. आजपासून घेतो."

बायकोच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू? मी खिशातलं आमचं पाकीट काढलं, पुढे केलं...

"ही नव्हे," सर म्हणाले. "बाहेर ती मुलगी बसली आहे, तिच्या कंपनीची लिहा."

डॉक्टर माझ्याकडे बघतायत. माझा हात तसाच हवेत, हातात पाकीट. डॉक्टर म्हणाले, "औषध एकच आहे, मला दोन्ही चालतील. काय हो, तुमचं काही म्हणणं?"

माझं म्हणणं! मी काय बोलणार? जावई पडलो ना!

पण गुण आला हं. लगेच नाही, पण हळूहळू प्रेशर उतरलं, सर परत फिरायला जायला लागले, भिंत धरणं बंद झालं. बायको तर इतकी खूश, की परवा मी वांगी ताजी आहेत म्हटलं तर वास न घेता पिशवीतून काढली. ती मुलगी दर रविवारी येते आमच्याकडे शिकायला. माझ्याच हॉलमध्ये उभी राहून माझ्या विरुद्धचं भाषण पाठ करते, आणि मला समोर बसवतात डॉक्टर म्हणून! मी मान वर करायची! आणि सरांच्या फिरायला जाणाऱ्या ग्रुपमध्ये ज्याला ज्याला प्रेशर आहे, तो जाऊन डॉक्टरांकडे तिच्या कंपनीची गोळी मागतो. आमचे साहेब मला विचारतात, "तुझ्या भागात त्यांचा खप इतका कसा वाढला रे?" काय सांगू? घरून वाढवलाय म्हणून सांगू?

नाही राहवलं मला. एक दिवस धीर केला आणि विचारलं. म्हटलं, "सर, तेच औषध, तेच भाषण. मी इतकं जीव तोडून म्हटलं. मी तुमचा जावई. माझी का नाही घेतलीत?"

सरांनी पेपर खाली घेतला. आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. म्हणाले, "जावईबापू, तुम्ही फार चांगलं बोलता हो. मीच तयार केलंय तुम्हाला. तुमच्या भाषणात मला शिरायला फटच नव्हती कुठे. तुम्ही बोलत होतात आणि मी नुसता मार्क देत होतो. ती पोर अडकली, म्हणून मला पुढचं शोधावं लागलं. शोधलं, म्हणून सापडलं. तुम्ही एकदा... एकदा जरी अडखळला असतात ना..."

ऐकलंत? म्हणजे चूक कुठे झाली? मी चुकलो नाही, ही चूक झाली!

तर आता तुम्हाला सांगतो माझं काय चाललंय. रोज सकाळी आंघोळीला गेलो की नळ मोठा सोडतो, आणि अडखळायची प्रॅक्टिस करतो. "डॉ... डॉक्टर... रं... रंग... गु..." जमत नाही हो! इतक्या वर्षांची सवय, जीभ आपोआप पुढे जाते! परवा कुठे जरा जमल्यासारखं वाटलं, तर बाहेरून दारावर टकटक.

"जावईबापू?"

"अं... हो, सर?"

"हे अडखळणं पाठ केल्यासारखं वाटतंय. खरं वाटत नाही. दार उघडा, पहिल्यापासून घेऊ."

...आणि मी उघडलं हो दार! टॉवेल गुंडाळला, ओल्या अंगाने हॉलमध्ये उभा राहिलो, आणि घेतलं पहिल्यापासून.